मंगळवेढ्याची टिकटिक कुणी चोरली?

१

संक्रांतीपासून भरलेली गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात चांगुणाबाईंच्या खोलीतून एक चोरी झाली. भांडं गेलं नाही, पैसा गेला नाही, दाराचं कुलूपही जागच्या जागी होतं. गेला तो एक आवाज.

चांगुणाबाई म्हणजे भवानी पेठेतल्या शाळेत हयातभर विज्ञान शिकवलेल्या बाई. निवृत्त झाल्या तरी गल्लीत लहानथोर त्यांना बाईच म्हणत. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरी रेडिओ संच मांडायचा आणि तारेविना लांबच्या माणसांशी बोलायचं, हा त्यांचा छंद. गच्चीवर काळी तार ताणलेली होती. तिची केबल जिन्याच्या कठड्याला बांधून पहिल्या मजल्यावरच्या खोलीत उतरवलेली होती. रोज संध्याकाळी सात वाजता त्या हेडफोन लावत आणि मंगळवेढ्याहून महिपतीची टिकटिक येई.

महिपती त्याच शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. परवान्याची परीक्षा दोघांनी एका बाकावर बसून दिली होती. पुढे ते गावी गेले, आणि मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मोबाइलवरची बारीक अक्षरं डाव्या बोटाला सापडत नव्हती. मोर्सची कळ मात्र सापडली. कळ थोडीशी दाबली की बारीक टिक, धरून ठेवली की लांब. या बारीक-लांब ठोक्यांची अक्षरं होतात. मोर्सला देवनागरी येत नाही, म्हणून दोघं इंग्रजी अक्षरांत मराठी बोलत. जगात महिपतीचं बोलणं समजणारं माणूस उरलं होतं ते हे एकच.

आणि आता हेडफोनमध्ये नुसती घरघर होती. करवतीनं पत्रा कापावा तशी, सलग, न थांबणारी. महिपतीचा संच हाती बनवलेला, छोट्या ताकदीचा. करवतीपुढे मुंगीचं काय चालणार? बाईंनी आवाज वाढवला तर करवतही वाढली. खरखर कमी करायची बटणं फिरवली, नको ते आवाज अडवणारी गाळणी अरुंद केली. मुंगी काही दिसेना.

बाईंनी तरीही आपली कळ ठोकली : तुझं ऐकू येत नाही. मी आहे.

रोज असंच चाललं. मग एका सकाळी महिपतीच्या थोरल्या बहिणीचा, बजाबाईंचा, फोन आला. महिपती जेवण टाकतोय, खिडकीकडं तोंड करून बसतोय, असं त्यांनी सांगितलं.

"तुमची टुकटुक हितं येतीय की वो बाई. तो बी ठोकतोय जीव खाऊन. पण तुमी म्हणताय ऐकू येत न्हाय. मग त्याच्या पोराला वाटतंय, आता ते यंत्र बी मेलं. रविवारी अमृत पुण्यास्नं गाडी घिऊन येतोय. न्हेतो म्हणतोय कायमचा."

अमृत महिपतीचा मुलगा. त्याचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर होता आणि तिथं तार लावू देत नव्हते. मुलाचं मन चांगलं होतं. पण वडिलांना काय हवं, हे त्यांना विचारायची सोयच उरली नव्हती. बाईंनी फोन महिपतीच्या संचाजवळ धरायला सांगून पाहिलं. पण हल्लीचा मोबाइल माणसाचा आवाज सोडून बाकी सगळं गाळून टाकतो. टिकटिक निम्मी-अर्धी पोचली, त्यातून एक अक्षर लागेना.

फोन ठेवून बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवार होता. रविवारच्या आत चोर सापडायला हवा होता.

२

चोर शोधायचा तर आधी घर झाडावं, हा या छंदातला पहिला धडा. बाईंनी तो कितीतरी मुलांना शिकवला होता. हल्लीच्या स्वस्त विजेच्या वस्तूंच्या पोटात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. त्यातून घरघर बाहेर सांडते आणि आपल्याच तारेवर चढते. म्हणून रेडिओ बॅटरीवर लावायचा, घराचा मेन स्विच पाडायचा आणि ऐकायचं. आवाज गेला तर चोर घरातला. राहिला तर बाहेरचा.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं होतं. दिवेलागण लवकर झाली. बाईंनी देवळातल्या घंटेच्या आधीच घरातली बटणं दाबली आणि हेडफोन लावला. घरघरही आज लवकरच आली होती. त्यांनी डोक्यात नोंद केली : चोर घड्याळ पाहत नाही, अंधार पाहतो.

मेन स्विच तळमजल्यावर, रस्त्याच्या दाराशी होता. बाईंच्या बहिणीची नात संघप्रिया कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायची, पण ती अजून आली नव्हती. बाई खाली गेल्या, खटका पाडला, तरातरा जिना चढून वर आल्या आणि बॅटरीवरच्या रेडिओला कान दिला.

घरघर तशीच होती. तसूभरही कमी झाली नव्हती.

बाईंना बरंच वाटलं. आपलं घर स्वच्छ निघालं की कुणालाही बरं वाटतं. सात वाजता त्यांनी सगळी हकीकत मंगळवेढ्याला ठोकली : मेन पाडला, तरातरा वर आले, आवाज तसाच, म्हणजे चोर बाहेरचा. उत्तर ऐकू येणार नव्हतं, तरी शेवटी विचारलं : तुला काय वाटतं?

करवत चालूच राहिली. तिच्या पलीकडे कुणीतरी काहीतरी सांगत होतं.

३

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच बाईंनी हुकमाचं पान काढलं. जुना ट्रान्झिस्टर. तुम्हीही घरी करून पाहा. ट्रान्झिस्टरवर एखादं रिकामं ठिकाण लावायचं, म्हणजे खरखर ऐकू येते, आणि तो हातात धरून हळूहळू गोल फिरायचं. पोटात आडवी काळी कांडी असते. तिचं टोक खरखरीच्या उगमाकडे आलं, की आवाज एकदम दबतो. चोराकडे बोट दाखवायचं आणि तोंड मिटायचं, असा हा साक्षीदार.

बाई रस्त्याच्या दारात उभ्या राहून फिरल्या. आवाज दबला. टोक समोर, रस्त्यापलीकडे गुरुशांतच्या दुकानाकडे होतं.

गुरुशांतचं कडक भाकरीचं आणि शेंगाचटणीचं दुकान. जत्रा उठता उठता त्यानं नवीन पाटी लावली होती. लाल अक्षरं पळत यायची, थांबायची, लुकलुकायची आणि पुन्हा पळायची. अंधार पडला की तो ती चालू करी. सगळं जुळत होतं.

बाईंनी त्याला काय ते सांगितलं. गुरुशांत त्यांचाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी बांधायचा कागद बाजूला ठेवला.

"बाई, शाळेत कायबी झालं की पयलं नाव माझंच घ्यायचा तुमी. अजून सवय गेली न्हाय व्हय?"

"त्या वेळी नाव चुकायचं का रे?"

"न्हाय म्हणा," तो हसला आणि त्यानं पाटी बंद केली. वर नुसती बंद करून भागणार नाही म्हणून पिनही काढून हातात धरली. गिऱ्हाईक खोळंबलं, तरी तो पिन हातात धरून तसाच उभा.

बाईंनी ट्रान्झिस्टर कानाला लावला. घरघर होती तशीच होती. दिशाही तीच, तसूभर बदललेली नाही. त्यांनी गुरुशांतला पाटी लावायला सांगितलं आणि त्यानं आग्रह करून दिलेली चटणीची पुडी घेतली. जाता जाता तो म्हणाला, की संशय फिटला असेल तर शाळेतल्या छड्याही परत घ्याव्यात.

बाई हसल्या खऱ्या. पण मन थाऱ्यावर नव्हतं. साक्षीदार याच रेषेवर बोट दाखवत होता, आणि या रेषेवर दुसरं काही नव्हतं.

निदान समोर तरी नव्हतं.

४

मग उरला रेवणसिद्ध. शेजारच्या बोळात राहणारा, बॅटरीची रिक्षा चालवणारा. रोज संध्याकाळी रिक्षा बोळात लावून चार्जरला जोडी. असला चार्जर रेडिओत किती घरघर सांडतो ते बाईंना ठाऊक होतं. दिशा जुळत नव्हती, पण चार्जरची वायर लांब असली तर आवाज वायरीवरून कुठेही पळतो.

बाईंनी त्याला सरळ विचारलं, की गेल्या आठवड्यात चार्जर बदललास का?

रेवणसिद्ध रिक्षाची काच पुसत होता. त्याचा हात थांबला.

"न्हाय बाई. चार्जर जुनाच हाय. आन तुमच्या घरात तर म्या कायबी लावलेलं न्हाय."

"घराचं मी कुठं विचारलं?"

"तेच म्हंतोय की," असं म्हणून तो पुसलेली काच पुन्हा पुसू लागला. चार्जर काढून दाखव म्हटल्यावर मात्र त्यानं लगेच काढला. घरघर तशीच राहिली. म्हणजे चोर तोही नव्हता. पण नजरेला नजर देत नव्हता, हेही खरं.

घरी संघप्रियाची उलटतपासणी झाली. तिनं लॅपटॉप, त्याचा चार्जर, मोबाइल, इस्त्री, सगळं पलंगावर ओळीनं मांडलं आणि म्हणाली, "आजी, झडती घे. पण मेन पाडला तरी आवाज राहतो, म्हणजे घरातलं काही नाही, हे तूच सिद्ध केलंस ना?" ते तर खरंच होतं. मुलगी हुशार. फक्त रेवणसिद्धचं नाव निघाल्यावर ती पाणी आणायला उठली, आणि तिच्या हातातला तांब्या आधीच भरलेला होता.

शुक्रवारी बजाबाईंचा पुन्हा फोन आला. आवाज खाली गेलेला.

"बाई, मला काय त्यातलं कळत न्हाय. पण दोन-तीन दिस झालं, त्यो सारखा एकच सबूद ठोकतोय. सूर त्योच. आदी एक बारकं, मग तीन लांबडी. फुडचं लई भरभर जातंय."

एक बारीक, तीन लांब. म्हणजे इंग्रजी जे. मराठीतला ज.

बाई फोन हातात धरून बसून राहिल्या. ज वरून काय? जेवण? तो तर जेवत नव्हता. जाऊ दे? की जातो? रविवारी जायचं म्हणून निरोप घेतोय, आणि आपण तो निरोपही ऐकू शकत नाही?

त्या दिवशी सात वाजता त्यांनी एवढंच ठोकलं : जाऊ नकोस. अजून शोधतेय.

५

शनिवारी, ऐन सात वाजता, भवानी पेठेतली वीज गेली.

बाई चपापल्या, मग सावरून बसल्या. ही तर आयती परीक्षा होती. एका घराचा मेन पाडण्याऐवजी कुणीतरी अख्ख्या पेठेचा मेन पाडला होता. गुरुशांतची पाटी, रेवणसिद्धचा चार्जर, आसपासचे टीव्ही, पंखे, यंत्रमाग, सगळं एका क्षणात गप्प झालं. बाईंचा रेडिओ बॅटरीवर होता. आता फक्त महिपती.

त्यांनी हेडफोन घट्ट दाबला.

घरघर चालूच होती.

बाईंना लगेच एक विचार सुचला. वीज गेली तरी जे चालतं, ते बॅटरीवर चालतं. आणि चोर अंधार पडल्यावरच येतो. म्हणजे तो दिवाच असणार. काळोखात दिवा लपत नाही. पेठेत ज्या घरात आत्ता उजेड, तिथं चोर.

त्या तरातरा जिना चढून गच्चीवर गेल्या. चारी बाजूंना काळोख. गुरुशांतच्या दुकानात मेणबत्ती, बोळात कुणाच्या तरी मोबाइलचा ठिपका. बाकी गाव शाईत बुडवल्यासारखं. नीट पाहावं म्हणून बाई कठड्याशी गेल्या आणि तिथंच थबकल्या.

कठड्यावर त्यांची स्वतःचीच सावली पडली होती. लांब, स्पष्ट, डोक्यावरच्या अंबाड्यासकट.

चांदणं नव्हतं. वीज नव्हती. मग ही सावली कुणाच्या उजेडात?

बाई सावकाश मागे वळल्या.

६

जिन्याच्या तोंडातून उजेड गच्चीवर सांडला होता. थोडा फिका, पण व्यवस्थित. मधल्या वळणावर, उंच होल्डरमध्ये, नेहमीच्या जागी नेहमीसारखा दिसणारा दिवा जळत होता. वीज नसताना.

बाई त्याच्याखाली पायरीवर बसल्या. खालून संघप्रिया मोबाइलचा उजेड घेऊन धावत आली आणि त्यांना तशी बसलेली पाहून तिचा चेहरा उतरला.

"मंगळवारी मी मेन पाडला," बाई म्हणाल्या, जणू वर्गात फळ्यासमोर उभ्या होत्या. "घर काळंकुट्ट व्हायला हवं होतं. आणि मी तरातरा जिना चढले. ठेच नाही, टॉर्च नाही. कुणाच्या उजेडात चढले, हा प्रश्न मला पडलाच नाही. दिवा असला की माणसाला पायरी दिसते, दिवा दिसत नाही."

संघप्रियानं मोबाइलचा उजेड पायरीकडे वळवला.

"ट्रान्झिस्टरनं रेषा दाखवली. रेषेला दोन टोकं असतात, मी पोरांना शंभरदा सांगितलंय. एक टोक गुरुशांतच्या पाटीकडे. दुसरं माझ्या पाठीमागं, या जिन्याकडे. मी पुढंच बघत राहिले, कारण माझं घर स्वच्छ आहे असं मीच ठरवून टाकलं होतं. या दिव्याच्या पोटात बॅटरी आहे, बरोबर? मेन पडला की तो तिच्यावर चालतो. त्यामुळे त्याला पकडायची परीक्षाच त्याच्यावर चालत नाही. आणि गच्चीवरची केबल त्याच्या कुशीतूनच गेलीये. होल्डर उंच. तुझा हात पोचत नाही. म्हणून रेवणसिद्ध. तो बिचारा न विचारता म्हणाला, मी तुमच्या घरात काही लावलं नाही."

"गड्ड्याच्या जत्रेतून आणला होता," संघप्रिया म्हणाली. "डिसेंबरात वीज गेली तेव्हा तू या वळणावर पडलीस. घरी सांगू नको म्हणून मला शपथ घातलीस. मी चांगला दिवा लावू म्हटलं तर म्हणालीस, या पायऱ्या मला पाठ आहेत, मी काय म्हातारी झाले का? मग मी रेवणसिद्धकाकांना घेऊन गुपचूप बदलला. आजी, त्याचा रेडिओला त्रास होईल हे मला खरंच सुचलं नाही. तो वीज नसताना चालतो, म्हणजे चांगलाच असेल असं वाटलं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं.

"रोज दिवेलागणीला याचं बटण कोण दाबतं?"

"तू."

"मग चोराला घरात घेणारी मीच की. रडतेस कशाला? चल, हात धर माझा."

म्हातारी झाले का असं विचारणाऱ्या चांगुणाबाईंनी आपणहून हात पुढं केला. दोघी खोलीच्या दाराशी उतरल्या. बाईंनी जिन्याचं बटण बंद केलं. दिवा विझला.

अंधारात चाचपडत त्यांनी हेडफोन घेतले आणि एक बाजू संघप्रियाच्या कानाला लावली.

करवत थांबली होती. गढूळ पाणी निवळावं आणि तळाचे खडे दिसावेत, तशी शांतता. हवेची मंद सरसर तेवढी होती. आणि तिच्या तळाशी, बारीक पण एकेक दाणा वेगळा असावा अशी, टिकटिक.

एक बारीक, तीन लांब. दोन बारीक. एक लांब, एक बारीक. एक बारीक, एक लांब.

"काय म्हणतायत?" संघप्रियानं कुजबुजून विचारलं.

बाई अक्षरं मांडत गेल्या. जे. आय. एन. ए. मग पुन्हा तेच. आणि पुन्हा.

"जिना," त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "जिना, जिना, जिना. मंगळवारी मी ठोकलं ना, मेन पाडला आणि तरातरा वर आले म्हणून? तिकडं बसून त्यानं तेव्हाच ओळखलं. मी त्या वळणावर पडले तेव्हा हाच मला रागावला होता, जिन्यात काळोख असतो म्हणून. मग मेन पाडल्यावर मी तरातरा चढले कशी, हे त्याला खटकलं. चार दिवस चोराचं नाव ओरडून सांगतोय बिचारा, आणि चोर माझ्या कानात बसलेला."

त्यांनी कळ हातात घेतली : सापडला. जिन्यातला दिवा. ऐकू येतंय.

पलीकडे टिकटिक थांबली. मग डाव्या हाताचे, जरा अडखळते ठोके आले. बाई अक्षर लागेल तसं मोठ्यानं म्हणत गेल्या : बहिरी झालीस असं वाटलं. छडी आणू का.

आणि मग, एवढ्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं ते बाईंनी विचारलं : उद्या अमृत येतोय. तुला काय हवंय?

उत्तर लांबलचक आलं. बाईंनी एकदा पुन्हा ठोकायला लावून खात्री केली. मग संघप्रियाच्या मोबाइलवरून अमृतला फोन लावला आणि सांगितलं, की वडिलांचा निरोप आहे, शब्द न् शब्द सांगते.

"'ये. जेव. एक दिवस राहा. मग गाडीत ज्वारीचं पोतं घालून ने, मला नको. मी इथं बोलतो.'"

पलीकडे पुण्यातल्या रहदारीचा आवाज येत होता.

"बाबा असं म्हणाले?" अमृतनं विचारलं.

"असंच म्हणाले."

त्यावर अमृत म्हणाला, "बाई, त्यांना विचारा ना. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडीच ना?"

वीज अजून आली नव्हती. उद्या दुकानात जाऊन दिवा आणायचा होता, आणि दुकानदार काय वाटेल ते म्हणो, बाई प्रत्येक दिवा ट्रान्झिस्टरला ऐकवूनच घेणार होत्या. पण ते उद्या. आत्ता त्यांनी अंधारातच कळ ओढून घेतली आणि मुलाचा प्रश्न बापाकडे ठोकला.

उत्तराला वेळ लागला नाही.

"काय म्हणाले?" फोनमधून अमृतनं विचारलं. इकडे संघप्रियानंही तेच विचारलं.

"म्हणतो," बाई म्हणाल्या, "दुसरी कुठली असते?"